बुधवारची रात्र आणि कोलंबोचा काटा
परभणीजवळच्या पेडगावसारख्या गावी, जेथे विजेच्या तारांआधी बॅटरीचा रेडिओ येई आणि त्याचा परवाना टपालकचेरीतून दरसाल नूतन करून घ्यावा लागे, तेथे चित्रपटगीतांची खरी राजधानी दिल्ली नव्हे, तर समुद्रापलीकडचे कोलंबो होती. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर या शास्त्रोक्त संगीताच्या कट्टर मराठी अभिमान्याने १९५२ मध्ये ही गीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली, आणि त्याच वर्षी कोलंबोच्या रेडिओ सिलोनवर, टूथपेस्टच्या जाहिरातीच्या बळावर, अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ अवतरली; दैवयोग म्हणतात तो हाच! बुधवारी रात्री आठ वाजता, छपरावरून लिंबाच्या फांदीपर्यंत ताणलेल्या तारेच्या भरवशावर काटा केसभर इकडे-तिकडे सरकवत बसावे, तर लघुलहरींवरचा तो आवाज भरतीसारखा चढे आणि ऐन मुखड्याला ओहोटीसारखा खरखरीत विरून जाई. शहाणपण सरकारला उशिराच सुचले: ३ ऑक्टोबर १९५७ रोजी चित्रपटगीतांना पुन्हा जागा देणारी आकाशवाणीची ‘विविध भारती’ निघाली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे तिच्यावर जाहिरातीही वाजू लागल्या. गीतमालेने मात्र कोलंबो सोडले ते १९८९ मध्ये, आणि उतरली ती विविध भारतीच्याच घरी.