अर्धा कप ब्लीच, चार लिटर पाणी

टिकली पाण्याच्या वाटीपाशी बसली होती. पुढचे पाय दुमडलेले, मान वाटीवर झुकलेली, हनुवटी पाण्याला टेकेल इतकी खाली. पण जीभ काही बाहेर येईना. अर्ध्या तासाने पाहिलं तरी तशीच. "पाल खाल्ली असेल," असं म्हणून मी पेपर वाचत बसलो. आमच्याकडे मांजराच्या प्रत्येक दुखण्याचं खापर पालीवरच फुटतं. रात्री ती पिवळा फेस ओकली. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून दवाखाना तिसऱ्या दिवशी. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी साडेआठशे. पाच हजारांच्या वर असायला हव्यात. सलाइन लावलं, पण चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. पाच महिन्यांची होती.

आजाराचं नाव फेलाइन पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे पांढऱ्या पेशींचा सरसकट तुटवडा. मांजरं पाळणारे त्याला सरळ 'मांजरांचा पार्व्हो' म्हणतात. शरीरात जिथे पेशी भराभर वाढत असतात तिथे हा विषाणू घुसतो: हाडांतल्या मगजात आणि आतड्याच्या अस्तरात. म्हणून पिल्लांना तो जास्त भोवतो. माणसाला होत नाही, पण माणसाच्या पायांना लागून येतो. टिकलीने कधी उंबरा ओलांडला नव्हता. "घरातल्या घरात असते, तिला कशाला टोचायचं?" हे वाक्य माझंच. मागच्या बोळातली दोन पिल्लं त्याच आठवड्यात मेली होती आणि माझी चप्पल रोज त्या बोळातून घरात येत होती.

ती गेली त्या दिवशी मी सगळं घर फिनाईलने पुसून काढलं. दोनदा. मिरजेच्या एका शाळेत ३१ वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो, तेव्हा जंतू मारायचं आपल्याला कळतं असा एक ताठा होताच. डॉक्टरबाईंना हे सांगितलं, तर त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, फिनाईलने हा मरत नाही. उलट फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराचं यकृत पचवू शकत नाही. पिल्लू ओल्या फरशीवर चालणार, मग पंजे चाटणार."

कोरोनाच्या वेळी साबणाने आणि सॅनिटायझरने काम भागलं, कारण त्या विषाणूला चरबीचं आवरण होतं. ते विरघळलं की तो संपला. पार्व्होला तसं आवरणच नाही. स्पिरिट लावा, सॅनिटायझर लावा, तो ढिम्म. घरातल्या सावलीत, फटीबिटीत, वर्षभरही टिकून राहतो. त्याच्यावर चालतं ते ब्लीच: एक भाग ब्लीच, बत्तीस भाग पाणी. म्हणजे अर्धा कप आणि चार लिटर. मी अर्थातच कप वापरला नाही, मोजपात्र काढलं.

पण प्रमाण हा त्यातला सोपा भाग. आधी साबणाच्या पाण्याने मळ घासून काढायचा, कारण विष्ठा, केस, धूळ राहिली तर ब्लीच तिच्यावरच खर्ची पडतं. मग द्रावण असं ओतायचं की फरशी दहा मिनिटं ओली राहील. नंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं. द्रावण रोज ताजं. आणि संडास धुवायचं ॲसिड त्याच्या आसपासही नको. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू सुटतो. हे मी शाळेत पोरांना तोंडी सांगायचो, प्रयोग करून दाखवायला बंदी होती.

आमची फरशी शहाबादी. तिच्या सांध्यांतून मी जुना टूथब्रश फिरवला. वाळूचं घमेलं, वेताची टोपली, पायपुसणं टाकून दिलं. अडलं ते गोधडीपाशी. ती हिच्या आईने शिवलेली, नऊवारी लुगड्यांची, आणि टिकली शेवटच्या रात्री तिच्यावरच झोपलेली. ब्लीचमध्ये घातली तर रंग जाणार, ठेवली तर विषाणू राहणार. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून पत्र्याच्या पेटीत घातली आणि वर तारीख चिकटवली.

मांजराचा प्रत्येक आजार इतका चिवट नसतो, हेही सांगितलं पाहिजे. मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू शरीराबाहेर फार तर काही दिवस तग धरतो. त्यामुळे मांजर गेल्यावर रडू आवरून डॉक्टरांना एक गोष्ट विचारावी: नेमकं कशाने गेलं?

शेजारचे म्हणत होते, लगेच दुसरं आणा, विसरायला होईल. डॉक्टरबाईंचं म्हणणं वेगळं. "घर शंभर टक्के स्वच्छ झालं असं मी कधीच म्हणणार नाही. पिल्लू तयार करून आणा." सांगलीला भाचीकडे मांजरीला पिल्लं झाली होती. त्यातली दोन आमची ठरली, पण राहिली तिच्याकडेच. आठव्या आठवड्याला पहिली लस, बाराव्याला दुसरी, सोळाव्याला तिसरी. एकाच टोचणीत का भागत नाही, हे मला तेव्हा समजलं. आईच्या चिकातून पिल्लाला जे संरक्षण मिळतं, तेच लसीलाही निकामी करतं. ते कधी ओसरेल याचा नेम नाही. एकाचं आठव्या आठवड्याला, सख्ख्या भावाचं चौदाव्याला. म्हणून पुन्हा पुन्हा टोचत राहायचं. मधल्या काळात आईचं संपलेलं आणि लसीचं सुरू न झालेलं, अशी फट राहते. नेमक्या त्या फटीत मी त्यांना आमच्या फरशीवर सोडणार होतो.

भाचीकडे जाताना नवी चप्पल घेतली, ती फक्त तिच्या घरापुरती. तरी पहिल्या दोन खेपांना तिने मला व्हरांड्यातूनच पिल्लं दाखवली. "मामा, रागावू नका हं." रागावलो नाही, पण चहा आत बसून मिळाला असता तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या लसीनंतर दोन आठवडे थांबून मार्चात दोघांना आणलं. एक काळा, एक कबरी. पहिल्याच संध्याकाळी कबरी वाटीपाशी जाऊन मान खाली घालून बसली. मी पेपर टाकून उठलो. तिने पंजा पाण्यात बुडवला, झटकला, आणि वाटी उलटी केली.

पेटीवरची तारीख यायला अजून साडेतीन महिने आहेत. ही अधूनमधून विचारते, मी चिठ्ठी दाखवतो. दुपारी दोघंही त्या पेटीवरच पसरलेली असतात. पत्रा गार लागत असावा.