डब्यातला सूर्य

१३ फेब्रुवारी २०१० च्या सायंकाळी कोरेगाव पार्कातील जर्मन बेकरीत बेवारस पिशवीतल्या स्फोटकांनी १७ जणांचा बळी घेतला आणि १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्ता लागोपाठच्या स्फोटांनी हादरला, तेव्हापासून पुणेकराची नजर धनी नसलेल्या वस्तूवर अडखळते, आणि ती अडखळावी हेच मला रास्त वाटते.

परंतु पुलाच्या कठड्याला तारेने आवळलेला, काळ्या चिकटपट्टीने गच्च गुंडाळलेला पत्र्याचा एखादा डबा निव्वळ घरगुती कॅमेराही असू शकतो. त्यात ना भिंग, ना बॅटरी. सुईने पाडलेले सुमारे ०.४ मिलिमीटरचे छिद्र आणि त्यासमोर दहा सेंटिमीटरवर प्रकाशसंवेदी कागद, एवढाच सरंजाम. प्रकाश सरळ रेषेत जात असल्यामुळे कागदावर समोरच्या दृश्याची उलटी प्रतिमा उमटते. आणि डबा सहा महिने न हलविता ठेवला, तर एका अयनदिनापासून दुसऱ्या अयनदिनापर्यंत रोज किंचित सरकणारा सूर्यमार्ग तेजस्वी रेघांच्या रूपाने त्यावर अंकित होतो. हे निश्चल राहणेच प्रयोगाचा प्राण, आणि तेच संशयाचे मूळ.

म्हणून हौशी प्रयोगकर्त्यांनी डब्यावर नाव, दूरध्वनी व प्रयोजन ठळक मराठीत लिहावे, जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी, नजीकच्या पोलीस चौकीस आगाऊ वर्दी द्यावी. आणि निनावी डबा दिसल्यास कोणीही तो न हाताळता ११२ क्रमांकावर कळवावे.