लोखंडी पुलाची निगा व जीर्णोद्धार

पावसाळा आला कीं नदी-ओढ्यापलीकडे जमीन असणाऱ्याचा जीव पुलाकडे लागतो. पूल शाबूत असेल तरच कापूस आष्टीच्या बाजारांत पोंचावयाचा. म्हणून जुन्या लोखंडी पुलाविषयीं चार गोष्टी लिहितों.

घराच्या पाख्याखालील कैची आपणांस परिचित आहे. पुलाच्या कैचीचें तत्त्वही तेंच. चार दांड्यांची चौकट कोपऱ्यांत कलते. तीन दांड्यांचा त्रिकोण दांडी वा सांधा तुटल्यावांचून आकार सोडीत नाहीं. अमेरिकेंत १८४४ सालीं प्रॅट पितापुत्रांनीं व इंग्लंडांत १८४८ सालीं वॉरन यांनीं अशा बांधणीचीं पेटंटें घेतलीं.

भडोच येथील नर्मदेवरचा कैचीचा पूल १८८१ सालीं खुला झाला व २०२१ सालीं शेजारीं नवा पूल होईपर्यंत, म्हणजे १४० वर्षें, त्यानें रहदारी सोसली. उलट मावळ तालुक्यांत कुंडमळा येथील इंद्रायणीवरील लोखंडी पूल सुमारें ३० वर्षांचाच असतां १५ जून २०२५ रोजीं गर्दीच्या भारानें कोसळला व ४ माणसें दगावलीं. धोक्याची पाटी तेथें होती. तात्पर्य, पुलाचें आयुष्य केवळ वयावर नव्हे, तर निगेवर व भारावर अवलंबून असतें.

गंज प्रथम सांध्यांत शिरतो. तो मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो व रिव्हेट उचकटतो. दुसरें ठिकाण खांबावरील बेअरिंग. उष्णतामान ४० अंशांनीं चढल्यास १०० फुटी गाळा अर्ध्या इंचाहून किंचित् जास्त वाढतो. बेअरिंग मातीनें गच्च भरलें, तर तो ताण खांबावर येतो. तिसरें ठिकाण पाया. पुराचें पाणी त्याखालची माती नेतें.

जीर्णोद्धार म्हणजे निव्वळ रंग नव्हे. जुना रंग व गंज खरवडावा, सुटलेल्या रिव्हेटच्या जागीं मजबूत बोल्ट घालावे, सडलेली दांडी बदलावी, आणि शेवटीं रंग द्यावा. दांडी काढण्यापूर्वीं गाळ्यास खालून टेकू हवा. तिचा भार इतर दांड्यांवर पडतो. हें काम अभियंत्याच्या देखरेखीखालींच व्हावें.

महसुली दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें एक सुचवितों. पूल सार्वजनिक बांधकाम खात्याचा, जिल्हा परिषदेचा कीं पाटबंधाऱ्याचा, हें ग्रामसभेनें प्रथम निश्चित करावें. ज्याचा मालक ठरत नाहीं, त्याची दुरुस्ती होत नाहीं. नंतर पावसाळ्यापूर्वीं तपासणीचा लेखी अर्ज देऊन पोंच घ्यावी. उत्तर येईपर्यंत उसाची भरली ट्रॉली मात्र त्यावर घालूं नये. दूरचा फेरा पत्करावा.