लघवी लाल झाली, पुन्हा साफही झाली... तरीही!

साठीच्या घरातले एखादे गृहस्थ सकाळी लघवीला जातात आणि दचकतात. लघवी लालभडक! दुखत नाही, जळजळ नाही. घरची मंडळी म्हणतात, ''उन्हाळी लागली असेल, धने-जिऱ्याचे पाणी घ्या.'' दोन दिवसांत लघवी साफ होते आणि सारे जण ती गोष्ट विसरतात. काही महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार होतो, तेव्हा कुठे डॉक्टरांची आठवण येते. हे मधले महिने कधी कधी फार महागात पडतात.

लाल लघवी म्हणजे प्रत्येक वेळी रक्तच असे नाही. बीट खाल्ल्यावर किंवा क्षयावरील रिफाम्पिसिन या औषधाने लघवीला तांबूस-नारिंगी रंग येतो. खरे काय ते सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीतच कळते. तसेच, एक लिटर लघवीत जेमतेम १ मिलिलिटर रक्त मिसळले तरी ती लाल दिसू शकते. म्हणून रंग पाहून घाबरू नये, आणि रंग गेला म्हणून निर्धास्तही राहू नये.

कारणे कोणती?

मूत्रपिंडापासून मूत्रमार्गापर्यंत कोठूनही रक्त येऊ शकते. जळजळ, वारंवार लघवी आणि ताप असेल तर जंतुसंसर्गाची शक्यता अधिक. कंबरेतून जांघेकडे जाणारी असह्य कळ बहुधा मुतखड्याची असते. उतारवयातील पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी हेही एक कारण आहे. मूत्रपिंडाच्या क्षयातही रक्त जाते. लहान मुलांत घसा सुजल्यानंतर एक-दोन आठवड्यांनी लघवी कोऱ्या चहासारखी झाली आणि चेहऱ्यावर सूज आली, तर मूत्रपिंडाला सूज आली असण्याची शक्यता असते.

परंतु चाळिशीनंतर वेदना नसताना रक्त गेले, तर मूत्राशयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या कर्करोगाची शंका फिटेपर्यंत तपासणी थांबवू नये. हे रक्त आपोआप थांबते आणि तिथेच रुग्ण फसतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका दोन ते चार पटींनी जास्त असतो, कारण धुरातील विषारी द्रव्ये लघवीवाटे बाहेर पडताना मूत्राशयात साठून राहतात. रंगांच्या कारखान्यातील कामगारांना हा रोग होतो, हे जर्मनीतील शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच दाखवून दिले होते.

तपासण्या कोणत्या?

प्रथम लघवीची साधी तपासणी आणि जंतूंसाठी कल्चर. सुरुवातीची थोडी धार सोडून मधली लघवी स्वच्छ बाटलीत घ्यावी. स्त्रियांनी मासिक पाळी चालू असल्यास तसे सांगावे. रक्तातील क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडांचे काम समजते. सोनोग्राफीत खडा, गाठ, प्रोस्टेटचा आकार दिसतो. मात्र मूत्राशयातील लहान गाठ सोनोग्राफीतून निसटू शकते. म्हणून डॉक्टरांनी सी.टी. स्कॅन किंवा मूत्रमार्गातून दुर्बीण घालून तपासणी सुचवली, तर 'सोनोग्राफी नॉर्मल आहे' म्हणून ती टाळू नका. ही तपासणी बहुधा जागा बधिर करून काही मिनिटांत उरकते.

वेळीच सापडलेली, वरच्या अस्तरापुरती गाठ पोट न उघडता दुर्बिणीतूनच काढता येते. पुढे मात्र ठरावीक काळाने तपासणी करावी लागते. गाठ स्नायूत शिरली, तर अनेकदा संपूर्ण मूत्राशयच काढावे लागते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्यावर दोष टाकून तपासणी चुकवू नका, आणि मनाने त्या बंदही करू नका. रक्ताच्या गुठळ्या पडून लघवी तुंबली किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

धने-जिऱ्याचे पाणी जरूर प्या. पण लघवी एकदा जरी लाल झाली, तरी ती साफ झाल्यावरसुद्धा डॉक्टरांना दाखवा.