भक्ष्य, अभक्ष्य आणि मंडळीची पंगत

कोणत्या प्राण्याचे मांस खावे आणि कोणत्याचे खाऊ नये, हा प्रश्न पाळकांपुढे धर्मशास्त्राचा प्रश्न म्हणून क्वचितच येतो. तो येतो बाप्तिस्म्यानंतरच्या जेवणात, नाताळच्या मेजवानीत, किंवा दोन निराळ्या चालीरीतींच्या घरांत सोयरीक जुळते तेव्हा. एकाच्या पानातील पदार्थ दुसऱ्यास पाहवत नाही; मग दोघेही शास्त्राधार शोधू लागतात. म्हणून या विषयाचा थोडा मागोवा घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

लेवीयाच्या 11व्या अध्यायात उंट, शाफान, ससा व डुक्कर वर्ज्य सांगितले आहेत. जलचरांपैकी ज्यांस पंख व खवले नाहीत ते सर्व वर्ज्य. म्हणजे कोळंबी, कुर्ल्या व तिसऱ्या त्यांत आल्याच. उलट टोळांच्या काही जाती खाण्यास मोकळीक आहे. कोकण-गोव्यातील ख्रिस्ती घरांत कोळंबीचे कालवण आवडीने होते, पण भाजलेले टोळ पुढे ठेवल्यास किती जण हात लावतील? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा तो आहार होता हे ठाऊक असूनही आपण ताट मागे सारू. किळस आणि नियमशास्त्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे उघड होते.

डुकराच्या मांसातील कृमींमुळे मोशेने ते वर्ज्य केले, असे प्रवचनांतून पुष्कळदा सांगितले जाते. हे स्पष्टीकरण सोयीचे खरे, पण दुबळे आहे. नियमशास्त्र आरोग्याचे कारण देत नाही. आणि मग उंटाचे काय? मानवशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी 1966 साली निराळा विचार मांडला : जे प्राणी ठरावीक वर्गात नीट बसत नाहीत, ते अशुद्ध गणले गेले. पुढे त्यांनी स्वतःच या मताला मुरड घातली. लेवीयाच्या 20व्या अध्यायात मात्र हा भेद, इस्राएलास इतर राष्ट्रांपासून वेगळे केले गेले याच्याशी स्पष्टपणे जोडला आहे. खाद्याची यादी ही लोकांची ओळख होती.

यापो येथे पेत्रास जे दर्शन झाले, त्यात चतुष्पाद, सरपटणारे प्राणी व पक्षी होते. तथापि कर्नेल्याच्या घरी पोहोचल्यावर त्याने त्याचा अर्थ माणसांविषयी लावला. यरुशलेमेत त्याच्यावर जो आक्षेप आला, तोही त्याने काय खाल्ले याबद्दल नसून कोणाबरोबर खाल्ले याबद्दल होता.

मंडळीने पुढे हे सदैव ध्यानात ठेवले असे नाही. 732 च्या सुमारास पोप तिसरे ग्रेगरी यांनी जर्मन प्रदेशात सेवा करणाऱ्या बोनिफेस यांस पत्र लिहून घोड्याचे मांस खाण्यास मनाई करावी असे कळवले. त्या मांसाचा जुन्या यज्ञभोजनांशी संबंध असल्यामुळे ही मनाई झाली, असे अनेक अभ्यासक मानतात. 751 साली पोप झकरियास यांनी त्याच बोनिफेस यांस पाठविलेल्या पत्रात ससा व करकोचा यांचीही भर पडली. इसवी सन 1000 च्या सुमारास आइसलंडच्या लोकसभेने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो घोड्याचे मांस खाण्याची सवलत राखूनच. ती थोड्याच वर्षांत काढून घेण्यात आली. फ्रान्समध्ये 1866 साली या मांसाच्या विक्रीस कायद्याने मुभा मिळाली. इंग्लंडमध्ये मात्र 2013 साली गोमांस म्हणून विकल्या गेलेल्या पदार्थांत ते आढळले, तेव्हा केवढा गहजब झाला! ससा तर युरोपातील ख्रिस्ती लोक आजही निःशंकपणे खातात.

याहून बोधक उदाहरण इथिओपियाचे आहे. तेथील प्राचीन मंडळी डुकराचे मांस खात नाही. ही यहुदी चाल आहे असा ठपका सोळाव्या शतकात जेझुइट मिशनऱ्यांनी ठेवला, तेव्हा राजा गलाउदेवोस याने 1555 साली आपल्या विश्वासाचे निवेदन लिहिले. डुकराचे मांस न खाणे हे नियमशास्त्राचे पालन नव्हे. जो खातो त्याचा आम्ही तिरस्कार करीत नाही आणि जो खात नाही त्यास भाग पाडीत नाही, असा त्याचा आशय होता. त्याच काळात स्पेन व पोर्तुगाल येथे डुकराचे मांस टाळणे ही गुप्त यहुदी निष्ठेची खूण समजून इन्क्विझिशन माणसांची चौकशी करीत होते. पौलाने रोमकरांस जे 14व्या अध्यायात शिकविले, ते आमच्या मते त्या आफ्रिकी राजास अधिक उमगले होते.

आता आपल्याकडे. गोव्याच्या पारंपरिक सोरपोतेलात डुकराचे रक्तही घालतात. प्रेषितांच्या 15व्या अध्यायातील पत्राने विदेशी विश्वासणाऱ्यांस रक्त व गुदमरून मारलेले प्राणी वर्ज्य करण्यास सांगितले होते. पूर्वेकडील मंडळ्यांनी रक्ताची मनाई कायम ठेवली. पाश्चात्त्य मंडळ्यांत ती मागे पडली. दोन्ही बाजूंस विचारी ख्रिस्ती माणसे आहेत. इंदूर किंवा वडोदरा येथे शाकाहारी घरातून आलेल्या नवदीक्षितास मांसाचा घास घेण्याचा आग्रह करून त्याचा विश्वास पारखणे, हे मात्र आम्हांस सर्वथा अनुचित वाटते.

परंतु आपल्या देशात किळस पुष्कळदा प्राण्याची नसते. तो प्राणी खाणाऱ्याची असते. डुकराचे वा बैलाचे मांस खाणारे म्हणून ज्यांस गावाने पिढ्यान् पिढ्या दूर बसविले, त्यांच्याच शेजारी मंडळीत बसावयाचे असते. अंत्युखियात पेत्र विदेश्यांच्या पंगतीतून उठला तेव्हा पौलाने त्यास तोंडावर दोष दिला, हे गलतीकरांच्या पत्रात आहे. मांस न खाणाऱ्यासाठी वेगळे पातेले व वेगळी पळी जरूर ठेवावी. वेगळी पंगत मांडू नये. लग्नाच्या जेवणाची यादी ठरण्यापूर्वीच पाळकाने किंवा धर्मशिक्षकाने दोन्ही घरच्यांशी हे बोलून घ्यावे. पाने वाढल्यावर कोणी ऐकून घेत नाही.