दस्तऐवजांचे व्यवस्थापन : वाशीमचा ताम्रपट आणि सातबारा

व्यवहार घडून जातो. मागे उरतो तो त्याचा लेख. पुढील हक्क, देणे व जबाबदारी ही त्या लेखावरूनच ठरतात. यास्तव दस्तऐवजांचे व्यवस्थापन म्हणजे कागद कपाटात किंवा माहिती संगणकात साठविणे एवढेच नव्हे. अभिलेखांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकात (आयएसओ १५४८९, प्रथम आवृत्ती २००१) विश्वसनीय अभिलेखाची चार लक्षणे सांगितली आहेत. लेख ज्याचा म्हटला जातो त्याचाच असणे हा अस्सलपणा. घडले तेच त्यात असणे ही यथार्थता. मागाहून अनधिकृत फेरबदल न होणे ही अभंगता. आणि हवा तेव्हा सापडून त्याचा अर्थ लागणे ही उपयोज्यता होय.

ही परिभाषा नवी असली तरी तिच्यामागील गरज पुरातन आहे. वाशीम येथे १९३९ साली वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उपलब्ध झाला. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथून राज्यवर्ष ३७ मध्ये हे दानपत्र दिले गेले. वंशावळ संस्कृतात, तर दानाचा तपशील मुख्यतः प्राकृतात आहे. दाता कोण, गाव कोणते, दान कोणास व कोणत्या सवलतींसह, हे सर्व त्यात नमूद आहे. तांब्यावर कोरल्यामुळे त्याची अभंगता टिकली. परंतु तो वाचण्यास आज तज्ज्ञ लागतो. टिकणे व उपयोगी पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येईल.

दानपत्र एकदाच कोरले जाते. जमिनीचा हक्क मात्र विक्री व वारसा यांनी बदलत राहतो. म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये प्रत्येक बदल प्रथम फेरफार नोंदवहीत येतो. हितसंबंधितांस नोटीस जाते, हरकतीस अवधी मिळतो, आणि नंतरच अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा एक, प्रमाणित करणारा दुसरा. सातबाऱ्यावरील जुने नाव खोडून नाहीसे केले जात नाही; ते दिसत राहते व फेरफार क्रमांक त्याचा इतिहास सांगतो. सुव्यवस्थित दप्तराचे मर्म हेच होय.

संगणकामुळे शोध सुलभ झाला, पण नावांचा प्रश्न अधिक तीव्र झाला. सातबाऱ्यावर ‘विठ्ठल’ आणि बँकेच्या खात्यात ‘विठल’ असल्यास माणूस दोहोंत एकच व्यक्ती ओळखतो. यंत्रास ती दोन वाटतात, आणि शेतकऱ्याचे कर्ज वा विम्याची रक्कम अडू शकते. स्थलनामांचेही तसेच. इंग्रजी कागदांत वाशीम ‘बासिम’ म्हणून आढळते. शिवाय १९०५ साली तो जिल्हा मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात गेला व १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा निराळा झाला. तेव्हा मधल्या काळातील कागद शोधणाऱ्यास अकोल्याचे नावही सूचीत पाहावे लागते. कागदाबरोबर त्याचा पूर्वेतिहास नोंदविला नसेल, तर तो असूनही नसल्यासारखाच.

बाजार समिती असो, पतसंस्था असो वा कारखाना, प्रत्येक संस्थेने काही गोष्टी लेखी ठरविणे अवश्य आहे : नोंद कोणी करावी, प्रमाणित कोणी करावी, अधिकृत नाव कोणत्या दप्तरातील मानावे, दुरुस्तीची खूण कशी ठेवावी, आणि कोणता कागद किती वर्षांनी, कोणाच्या आज्ञेने नष्ट करावा. यंत्र या निर्णयांची अंमलबजावणी करील. निर्णय मात्र संस्थेनेच घ्यावयाचे आहेत.