सुताराचं नाव कोरलेलं घर
जुनी घरं, जुने कारागीर : लेखांक ५

इंग्लंडच्या चेशर परगण्यातलं नॅन्टविच हे मिठाच्या धंद्यावर वाढलेलं गाव. तिथल्या हॉस्पिटल स्ट्रीटच्या पूर्व टोकाला 'चर्चेस मॅन्शन' उभं आहे. रिचर्ड चर्च या व्यापाऱ्याने ते १५७७ मध्ये बांधून घेतलं. दर्शनी भागावर त्याचं आणि त्याची बायको मार्जरी हिचं नाव कोरलेलं आहे, आणि ते घर बांधणाऱ्या थॉमस क्लीस या सुताराचंही. हा मान त्याच्या हक्काचा होता, कारण असल्या घरात सुतारकाम म्हणजेच घर.

मागच्या लेखातल्या दगडी घरात भार भिंती पेलत होत्या. इथे तो सगळा ओकच्या सांगाड्यावर असतो: दगडी जोत्यावर आडवा पाट, त्यावर खांब, खांबांवर तुळया. मधल्या चौकटी कुडाने भरायच्या, म्हणजे काटक्या विणून त्यावर माती, शेण आणि गवताचा गिलावा. आपल्या वाड्यांसारखीच ही घरंही खणांच्या हिशेबाने वाढतात.

खरी करामत सांध्यांत आहे. ओक ओला असतानाच कापतात, कारण वाळला की तो इतका कठीण होतो की हत्यार चालवणं जिवावर येतं. एका लाकडाला कूस काढायची, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच पाडायची आणि आरपार ओकचीच खुंटी ठोकायची. दोन्ही लाकडांतली भोकं मुद्दाम किंचित चुकवलेली असतात, त्यामुळे खुंटी आत जाताना सांधा आवळत जातो. लोखंडी खिळा इथे कामाचा नाही. ओकमधल्या आम्लाने तो गंजतो. सांगाडा आधी सुताराच्या आवारात जमिनीवर जुळवून पाहायचा, प्रत्येक तुकड्यावर पटाशीने रोमन आकडे पाडायचे, मग सगळा सुटा करून जागेवर नेऊन उभा करायचा. पुढे लाकूड वाळताना पीळ घेतं. अशा घरांचा कललेपणा बऱ्याचदा त्यातून येतो. तो कच्च्या कामाचा पुरावा नव्हे.

वरचा मजला खालच्यापेक्षा रस्त्याकडे पुढे काढलेला असतो. त्याने जागा वाढते, पण माझ्या मते त्यात ऐपत मिरवण्याचा भाग मोठा आहे. दर्शनी चौकटींतल्या नक्षीला तर भार पेलण्याचं कामच नाही. गावाने बघावं म्हणून घातलेलं ते महागडं लाकूड आहे. इंग्लंडभर अशा घरांवर दिसणारा कुळकुळीत काळा रंग मात्र बऱ्याच ठिकाणी एकोणिसाव्या शतकातला आहे. उघडा ठेवलेला ओक रुपेरी करडा होतो, आणि मला तोच जास्त देखणा वाटतो.

डिसेंबर १५८३ मध्ये नॅन्टविचला आग लागली. वीस दिवस ती धुमसत होती आणि गावाचा मोठा भाग तिने गिळला. वाचलेल्या मोजक्या इमारतींत हे घर होतं. राणी एलिझाबेथने स्वतः एक हजार पौंड दिले आणि देशभर वर्गणी गोळा करवली. पुन्हा उभ्या राहिलेल्या गावात, १५८४ च्या एका घरावर, राणीचे आभार मानणाऱ्या कोरीव ओळींसोबत पुन्हा क्लीसचंच नाव आहे.

खुंट्यांवर जोडलेला सांगाडा सुटाही करता येतो, आणि हेच एकदा या घराच्या मुळावर आलं होतं. १९३० च्या सुमारास ते उकलून अमेरिकेला नेण्याचं घाटत होतं. एका दांपत्याने ते विकत घेतलं आणि दुरुस्तीला लागलं. आज ते पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू आहे.